छत्री आकाशाकडे, लक्ष आपल्या हक्काकडे



जिल्हा बैठकीच्या अंकात ॲंटेनावर लेख पाहून काहींच्या कपाळाला आठी पडेल. कापसाचा भाव, विजेचे बिल, बँकेचा तगादा एवढे विषय समोर असताना टीव्हीच्या दांड्याची चर्चा कशाला? कारण सरळ आहे. बातमी कोणाच्या हातात आहे हा प्रश्नही भावाइतकाच पोटाचा आहे. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. मुदत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली पहिली-दुसरी वेचणी घरात येण्याचा नेमका काळ. ही बातमी एकाला त्याच रात्री कळते आणि दुसऱ्याला व्यापाऱ्याच्या तोंडून कळते. दोघांचा सौदा सारखा होईल काय?

मावळचा धडा

फुकट टीव्हीचे राजकारण समजून घ्यायचे तर मावळाकडे पाहावे. आपल्याकडे कपाशी-ज्वारीची मोकळी रानं, तिकडे भाताची खाचरं आणि चारी बाजूंनी डोंगर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि १९७३ साली पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आले. लोणावळ्याहून वरळीचा मनोरा सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर, सिंहगड सुमारे ५५ किलोमीटर. कागदावर पाहिले तर मावळाला दोन्हींकडून चित्र मिळायला हवे होते.

पण टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडून खाली वळत नाहीत. उंच उघड्या जागी ज्याचे घर, त्याला स्वच्छ चित्र. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळाच्या खोऱ्यांत डोंगराच्या सावलीतल्या वाडीला पडद्यावर मुंग्या, नाहीतर कड्यावर आपटून आलेल्या लहरींमुळे एकाच माणसाचे दोन चेहरे. मग एकाने कौलावर चढून दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने आतून ओरडायचे, 'थोडं इकडं, आता दिसतंय!' हे आपल्या गावांनीही केले आहे. आपल्याला डोंगर आडवा नव्हता, अंतर आडवे होते, म्हणून दांडा उंच करत जावा लागला.

टीव्हीसाठी सरकार लायसन्सचे पैसेही घेत होते. ते १९८५ साली बंद झाले. ज्याच्या पडद्यावर मुंग्या होत्या, त्यालाही तोच नियम होता!

दांडा गेला, छत्री आली

आज जुना दांडा कितीही उंच केला तरी उपयोग नाही. मोजकी सामरिक महत्त्वाची केंद्रे वगळता दूरदर्शनने जमिनीवरची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. डिजिटल प्रक्षेपण २०१६ साली १६ शहरांतून सुरू झाले. त्यात मुंबई आणि औरंगाबाद होते, पुणे नव्हते. तेही घ्यायचे तर त्यासाठीचा वेगळा रिसीव्हर लागतो. त्यामुळे बाजारात कोणी 'डिजिटल ॲंटेना लावा, सगळे चॅनेल फुकट' म्हणून दांडा विकू लागला, तर पाकिटाला हात घालण्याआधी त्याला आपल्या गावात लावून दाखवायला सांगा.

आज खेड्यातली फुकट टीव्ही म्हणजे डीडी फ्री डिश. १६ डिसेंबर २००४ ला 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सुरू झाली. छत्री, डबा आणि वायर यांचा खर्च एकदाच, साधारण दोन हजारांच्या आसपास. पुढे महिन्याचे भाडे नाही. याउलट २०१९ साली केबल आणि खासगी डीटीएचवर नुसत्या जोडणीचे १३० रुपये अधिक कर, म्हणजे महिन्याला १५३ रुपये ४० पैसे लागू झाले. पैशाचे चॅनेल वेगळे. वर्षाचे झाले १,८४० रुपये. त्या वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव होता क्विंटलला २,५५० रुपये. म्हणजे पाऊण क्विंटलच्या जवळपास ज्वारी नुसती तारेसाठी द्यायची, आणि तीसुद्धा हमीभाव हातात पडला असे धरून!

लावताना काय पाहावे

फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मावळातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. गंमत अशी की लोणावळ्याहून सिंहगडही जवळजवळ त्याच दिशेला आहे. जुन्या दांड्याची आणि नव्या छत्रीची दिशा जवळपास एकच, फक्त नजर वर गेली. एवढ्या उंच नजरेला डोंगर क्वचितच आडवा येतो. सिंहगडाच्या लहरी ज्या वाडीपर्यंत पोचल्या नाहीत, तिथेही छत्री चालते. यवतमाळकडे दिशा आणखी थोडी दक्षिणेकडे कलते आणि उंची सुमारे ६० अंश होते.

छत्री दिसायला त्याहून उभी वाटते, कारण तिची बनावटच तिरपी आहे. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर न जाता डब्यातला सिग्नलचा आकडा पाहावा. 'स्ट्रेंग्थ' भरपूर आणि 'क्वालिटी' शून्य असेल, तर छत्रीचे तोंड चुकले आहे. केसभर हलवायचे, थांबायचे, आकडा पाहायचा. शेवटी एलएनबी किंचित फिरवून पाहायची.

पाइप ओळंब्यात उभा हवा. तो कलला तर पुढचे सगळे माप चुकते. पत्र्यावर छत्री ठोकू नये, वाऱ्याने हलते. भिंतीत किंवा सिमेंटात पक्की करावी. समोर आज लहान असलेले झाड दोन पावसाळ्यांनी आडवे येईल हे आजच पाहावे. वायरचा जोड टेपने बंद करावा आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळते. विजेच्या तारेजवळ पाइप कधीही उभा करू नये. पाइपला अर्थिंग द्यावे. त्याने थेट पडलेली वीज अडत नाही, म्हणून गडगडाट सुरू होण्याआधी वायर आणि डब्याचा प्लग काढावा.

मुसळधार पावसात चित्र जाते, कारण या लहरी पावसात शोषल्या जातात. लोणावळ्यासारख्या ठिकाणी ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री बरी. आपल्या कोरडवाहू भागात लहान छत्री पुरते. पाऊस न पडण्याचा आपल्याला झालेला बहुधा हा एकच फायदा!

फुकट म्हणजे उपकार नव्हे

आता मुद्द्याची गोष्ट. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने जातात. १ एप्रिल २०२२ पासून चार मोठ्या कंपन्यांनी आपले हिंदी मनोरंजनाचे चॅनेल तिथून काढून घेतले. धंदा जमेल तोवर ते येणार, न जमल्यास जाणार. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. प्रश्न दूरदर्शनला विचारायचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यातला एक निकाल न्या. पी. बी. सावंत यांचा. १९९० च्या प्रसार भारती कायद्यात तर शेती आणि ग्रामीण विकासाकडे विशेष लक्ष देण्याचे कर्तव्य लिहूनच ठेवले आहे. मग त्या मालमत्तेवर आपल्याला काय दिसते? कांदा महागला की ती ठळक बातमी. कांदा मातीमोल झाला की चार ओळी, त्याही जमल्या तर. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा गृहिणीच्या बजेटची चर्चा झाली, पिकवणाऱ्याच्या बजेटची किती झाली? २६ मे २०१५ पासून डीडी किसान आहे, सह्याद्रीही फ्री डिशवर आहे. यंत्र आहे, छत्री आहे. आतला मजकूर मात्र 'शेतकऱ्याने काय पिकवावे' यावर थांबतो. 'ते काय भावाने आणि का विकले जाते' इथपर्यंत तो क्वचित येतो.

कोणी म्हणेल, आता मोबाईल आहे, टीव्ही कशाला? मोबाईलचा उपयोग जरूर करावा. पण त्याला रिचार्ज लागते, रेंज लागते, आणि त्यावर आलेले खरे किती नि खोटे किती ते एकट्याने ठरवावे लागते. टीव्हीपुढे दहा जण बसतात, तिथेच वाद होतो आणि तिथेच शहानिशा होते.

म्हणून गावागावांत छत्री नीट लावून घ्यावी. लावता येणारी दोन पोरं प्रत्येक गावात तयार करावीत, म्हणजे मिस्त्रीसाठी तालुक्याला जावे लागणार नाही. आणि या बैठकीत ठराव करून दूरदर्शनला कळवावे. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी सह्याद्रीवर कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन यांचे बाजारभाव द्या. आयात-निर्यातीचा निर्णय झाला की त्याच दिवशी तो मराठीत सांगा आणि त्याने भावावर काय परिणाम होईल तेही सांगा.

छत्री आपल्या पैशाची आहे आणि लहरी आपल्या मालकीच्या आहेत. आता त्यातून येणारा आवाजही आपल्या कामाचा असावा, एवढेच मागणे आहे.