‘फक्त सही पाहिजे, डॉक्टरसाहेब’ : परदेशी निघण्यापूर्वी धोक्याचा हिशोब

श्रावण जवळ आला की माझ्या भडगावच्या दवाखान्यात एक कागद हमखास येतो. यात्रेच्या आयोजकाने दिलेला छापील फॉर्म, त्यावर ‘प्रवासास योग्य’ असे लिहिलेले आणि खाली डॉक्टरच्या सहीची जागा. पेरणी-निंदणी उरकलेली असते, हाताशी थोडा वेळ असतो, म्हणून आपल्याकडची मंडळी याच दिवसांत काशी-अयोध्या करून पुढे नेपाळला जातात. मी तपासायला लागलो की उत्तर ठरलेले असते, “बाकी काही नको डॉक्टरसाहेब, फक्त सही पाहिजे. परवा पाचोऱ्याहून गाडी आहे.”

पूर्वी मी बीपी बघून सही करत असे. आता करत नाही. का, ते सांगतो.

23 ऑगस्ट 2024 हा दिवस आपल्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. भुसावळ तालुक्यातल्या वरणगाव आणि आसपासच्या गावांतील भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. 27 जण गेले. दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानाने मृतदेह जळगाव विमानतळावर आले. या अपघाताचे कारण ठरवणे हे माझे काम नाही. पण सहा आठवडे आधी, 12 जुलैला, नेपाळमध्येच चितवन जिल्ह्यात दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या, ही बातमी सगळ्यांसाठी उघड होती. नेपाळचा पावसाळा जून ते सप्टेंबर असतो. आपल्या शेतीच्या सवडीचे दिवस आणि तिथल्या घाटातले सर्वांत धोक्याचे दिवस नेमके एकच आहेत. हा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? मी डॉक्टर असूनही केला नव्हता.

माझे मत स्पष्ट आहे. आपण चुकीच्या गोष्टींना घाबरतो. परदेश म्हटले की रुग्ण मला विचारतात, “तिकडे कुठली साथ आहे का?” प्रवाशाचा जीव मात्र बहुतेक वेळा दोन जुन्याच गोष्टी घेतात, रस्ता आणि स्वतःचा आधीचा आजार. जगात दरवर्षी सुमारे 11 लाख 90 हजार माणसे रस्ते अपघातात मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जून 2024 च्या हज यात्रेत मक्केत तापमान 50 अंशांच्या वर गेले. सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले. त्यातले बहुतेक नोंदणी न करता गेलेले होते. त्यामुळे त्यांना भर उन्हात, सावलीशिवाय लांब चालावे लागले. वयस्कर आणि जुन्या आजाराचे लोकही त्यांत होते. यात नवा विषाणू कुठेच नव्हता.

म्हणून निघण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. काय होऊ शकते? ते माझ्या बाबतीत होण्याची शक्यता किती? आणि झालेच, तर मदत किती तासांवर आहे? तिसरा प्रश्न आपण कधीच विचारत नाही. भडगावात छातीत दुखले तर तुम्ही तासा-दीड तासात जळगावला पोहोचता. डोंगरात, दरडीमागे अडकलेल्या बसमध्ये तोच झटका वेगळा ठरतो. आजार तोच असला तरी जागा बदलली की धोका बदलतो.

काही वर्षांपूर्वी गिरणाकाठच्या एका गावातले अप्पा असाच फॉर्म घेऊन आले होते. वय पासष्टच्या पुढे, मधुमेह, जिना चढताना दम. “माले काय व्हई?” म्हणाले. मला काय होणार! मी हसलो आणि सही केली. मुक्तिनाथला जाणार आहेत, हे मी विचारलेच नाही. पोखरा साधारण 800 मीटरवर, मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटरवर. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. जीपने लवकर वर पोहोचता येते, पण शरीराला तेवढ्या लवकर सवय होत नाही. अप्पांना रात्री डोके दुखले, उलट्या झाल्या, पहाटे बसल्याजागी दम लागला. सोबतच्या एका जाणत्या माणसाने त्यांना ताबडतोब खाली आणले म्हणून ते वाचले. परत आल्यावर ते मला काही बोलले नाहीत. पण ती सही माझी होती.

आता कागद समोर आला की मी आधी खुर्ची देतो आणि हे सांगतो.

एक, निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी या. औषध बदलायला, लस द्यायला, गरज असेल तर ईसीजी किंवा इको करायला तेवढा वेळ लागतो. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत पीतज्वराच्या देशात जायचे असेल तर त्या लसीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य धरतात. ती लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते.

दोन, उंचीवर जायचे असेल तर 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. बसल्याजागी दम लागला, तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. प्रतिबंधक गोळी असते, पण ती डॉक्टरला विचारूनच घ्या.

तीन, गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकते. औषधाची चिठ्ठी मूळ नावासह जवळ ठेवा. दुबईकडे मुलाकडे जाताना झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांची चौकशी आधी करा, काहींना तिथे पूर्वपरवानगी लागते. आणि आईंनो, खसखस लावलेले अनारसे नेऊ नका. तिथे खसखशीवर बंदी आहे.

चार, अमेरिकेसारखा लांबचा विमानप्रवास असेल तर दर एक-दोन तासांनी उठून चाला आणि पाणी प्या. पायात गुठळी होण्याचा धोका चार तासांपेक्षा जास्त बसून राहिले की वाढतो.

पाच, विमा. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्टही सक्तीचा नाही, मतदार ओळखपत्र चालते. त्यामुळे तो परदेश आहे, हेच आपण विसरतो. आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले योजना तिथल्या दवाखान्यात चालत नाही. प्रवासी विमा घ्या आणि फॉर्ममध्ये मधुमेह, बीपी, अँजिओप्लास्टी खरी खरी लिहा. हप्ता वाचवायला आजार लपवला तर दावा नाकारला जातो.

सहा, आयोजकाला विचारा. बस रात्री डोंगरात चालवणार का? चालक किती? दरड पडली तर एक दिवस थांबण्याची सोय आहे का? हे विचारायला लाजू नका, पैसे तुम्ही देता. शक्य असेल तर यात्रा दिवाळीनंतर ठेवा. कापूस वेचणीचे दिवस असतात हे मला माहीत आहे, पण घरातल्या सगळ्यांनी एकदम जाण्याची गरज नसते.

यावर एक उत्तर नेहमी येते, “देवाच्या दारी मरण आले तर भाग्यच!” श्रद्धेचा मी आदर करतो. पण हे वाक्य जाणारा बोलतो, मागे राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. देवाने घाटात रात्री बस चालवायला सांगितलेले नाही.

मी कोणाला जाऊ नका म्हणत नाही. आयुष्यभर शेतात वाकलेल्या सत्तरीच्या आजीला पशुपतिनाथाचे दर्शन घडलेच पाहिजे, नातवाला बघायला अमेरिकेत जाता आलेच पाहिजे. मी नुसती सही देणे बंद केले आहे, एवढेच. तुम्हीही नुसती सही मागू नका. डॉक्टरला विचारा, “मी गेलो तर काय होऊ शकते, आणि ते टाळायला आज काय करू?” या प्रश्नाला वेळ देणे हे आमचे काम आहे.