विलंब क्षम्य, काटछाट नव्हे

एकच गीतसंग्रह एका देशात आज, दुसऱ्यात महिन्याने आणि तिसऱ्यात मर्जी होईल तेव्हा प्रकाशित करावयाचा, ही जी वहिवाट ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारात कित्येक दशके बिनदिक्कत चालली, तिला १० जुलै २०१५ रोजी बव्हंशी पायबंद बसला. तोपावेतो ब्रिटनचा वार सोमवार, अमेरिकेचा मंगळवार आणि जर्मनीचा शुक्रवार असा सवतासुभा होता. पुढे शुक्रवार हाच सर्वांचा सामाईक मुहूर्त ठरला. लंडनला विक्रीस आलेला माल दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता इंटरनेटच्या चोरवाटांनी न्यूयॉर्कला पोहोचू लागल्यावर सुचलेले हे शहाणपण असले, तरी ते स्वागतार्हच आहे.

तथापि श्रोत्यावरील खरा अन्याय तारखेचा होता, हे मला मान्य नाही. अडेल या गायिकेचा '२१' हा संग्रह ब्रिटनमध्ये २४ जानेवारी २०११ रोजी आणि अमेरिकेत २२ फेब्रुवारीस आला. परंतु त्या महिन्याभरात कृतीचे काहीच उणावले नाही, उलट कीर्तीच तिच्याआधी जाऊन पोहोचली, आणि पुढे तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण २४ आठवडे अग्रस्थानी राहिला.

याच्या उलट बीटल्स या ब्रिटिश गायकवृंदाच्या 'रिव्हॉल्व्हर' या संग्रहाचे उदाहरण पाहावे. ब्रिटनमध्ये ५ ऑगस्ट १९६६, अमेरिकेत ८ ऑगस्ट. अंतर अवघे तीन दिवसांचे. पण ब्रिटिश तबकडीवर १४ गाणी, तर अमेरिकी तबकडीवर ११! उरलेली तीन, अमेरिकेत बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या कॅपिटॉल कंपनीने जूनमध्येच 'येस्टरडे अँड टुडे' या निराळ्या संग्रहात घालून विकली होती. कारण तेथे मानधनाची आकारणी दर गाण्यामागे होत असल्याने कमी गाण्यांची तबकडी स्वस्त पडे, आणि वाचलेल्या गाण्यांतून आणखी एक तबकडी उभी राही. ही तिन्ही गाणी वृंदातील जॉन लेननच्या आवाजातील. मूळ दुसऱ्या बाजूवर त्याचा साथीदार मॅकार्टनी याच्या गाण्यामागून लेननचे, पुन्हा मॅकार्टनीचे आणि पुन्हा लेननचे असा जो क्रम आहे, त्यातील लेननची ती दोन्ही गाणी अमेरिकेत गळाली. जुगलबंदीतील एका गायकाची उत्तरेच कापून टाकावीत, तशी ही गत झाली. आमच्याकडे कलकत्त्यानजीकच्या दमदम येथील कारखान्यात निघणाऱ्या तबकड्या मात्र ब्रिटिश आवृत्तीबरहुकूम असत. म्हणजे धनाढ्य अमेरिकेला जे अखंड मिळाले नाही, ते येथील मोजक्या रसिकांना मिळे. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'पासून दोन्ही देशांत गाण्यांची यादी एक झाली, आणि बीटल्सपुरता गाणी छाटण्याचा तो प्रघात मोडला.

आज तारीख एक झाली, पण ती जुनी खोड निराळ्या वेषात शिल्लक आहे. जपानमध्ये तबकड्यांची किरकोळ किंमत बांधून देण्याची कायद्याने मुभा असल्याने परदेशी आवृत्ती स्वस्त पडते. सबब देशी आवृत्तीस एखादे अधिक गाणे जोडण्याची तजवीज तेथे रूढ झाली. अन्यत्र एकेका दुकानापुरती वेगळी आवृत्ती काढून एकाच चाहत्याच्या खिशात दोनदा हात घातला जातो. व्यापाऱ्याने नफा मिळवू नये, असे कोणी म्हणणार नाही. मात्र जादा गाणे एका मुलखापुरते वा दुकानापुरते राखून ठेवल्यास, ते ठराविक मुदतीनंतर सर्वांस सुटे मिळेल, अशी हमी पहिल्या दिवशीच देणे त्याच्यावर बंधनकारक असावे. ज्याला कृती पुरी मिळणार आहे, तो महिनाभर खुशाल थांबेल. ज्याला अपुरी मिळते, त्याला सामाईक मुहूर्ताचा उपयोग काय?