उभ्याने भरणारी बैठक



पिंपरीहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचे मालक महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. मुलगी संगणक अभियंता झाली आणि हिंजवडीला नोकरीला लागली. आठवड्यातले दोन दिवस ती घरूनच काम करते, म्हणून ताईंना लेकीचे काम डोळ्यांनी पाहायला मिळते. त्या लिहितात, "रोज सकाळी दहा वाजता ती कॉम्प्युटरपुढे उभी राहते, दोन वाक्ये इंग्रजीत बोलते आणि खाली बसते. विचारले तर म्हणते, स्टँडअप आहे. आमच्या वेळी शाळेत उभे करायचे ते शिक्षा म्हणून. हिला रोज का उभे करतात? दर पंधरा दिवसांनी म्हणते स्प्रिंट संपला, आणि लगेच दुसरा सुरू. ही कसली शर्यत? रात्री एक-एक वाजेपर्यंत एकटी खटपट करते, डोळ्यांत पाणी असते. सकाळी मात्र 'सगळे ठीक चालले आहे' असेच सांगते."

ताई, तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे आहे. त्याकडे येण्याआधी ही पद्धत काय आहे ते समजून घेऊ. आज आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली या कामात आहेत. आई-बापांना त्यांचे काम कळले तर घरात दोन शब्द मोकळे होतील.

संगणकाला काय करायचे ते टप्प्याटप्प्याने लिहून द्यावे लागते. त्या लिखाणाला सॉफ्टवेअर म्हणतात. रेल्वेचे तिकीट, बँकेचे खाते, रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र, सगळे त्यावरच चालते. पूर्वी हे काम असे होई : आधी गिऱ्हाइकाची सगळी मागणी लिहून घ्यायची, मग सगळा आराखडा, मग सगळे लिखाण, शेवटी तपासणी. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडते, परत वर जात नाही, म्हणून तिला धबधब्याची पद्धत म्हणत. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन तज्ज्ञाने अशा पायऱ्यांचे चित्र एका निबंधात दिले. एवढ्यावरच भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, असेही त्याने त्याच निबंधात बजावले होते. लोकांनी चित्र उचलले आणि इशारा तिथेच राहिला.

आपल्या शिवणक्लासच्या भगिनींना यातला धोका लगेच कळेल. गिऱ्हाइकाचे माप एकदा घेतले, कापड कापले, पक्की शिलाई मारली आणि सहा महिन्यांनी ब्लाऊज हातात दिला, तर काय होईल? तोवर अंग बदललेले, आवड बदललेली, आणि कापलेले कापड परत जोडता येत नाही. म्हणून जाणती बाई आधी कच्चा धावदोरा घालते, अंगावर घालून बघायला सांगते, खांद्यात सोडते, कमरेत घेते आणि मगच मशीन चालवते. नव्या पद्धतीचे सारे मर्म या धावदोऱ्यात आहे.

या पद्धतीचे नाव ॲजाइल, म्हणजे चपळ. ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या तीन दिवसांत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या डोंगरातल्या ठिकाणी सतरा जाणकार जमले. सतराही पुरुषच होते, हेही आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावे. त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्याचा सारांश असा : कागदी नियमांपेक्षा माणसे आणि त्यांचे आपसातले बोलणे मोठे. जाडजूड दस्तऐवजांपेक्षा चालणारी वस्तू मोठी. कराराच्या कलमांवरून भांडण्यापेक्षा गिऱ्हाइकाला सोबत घेणे मोठे. आखलेल्या बेताला चिकटून राहण्यापेक्षा बदल स्वीकारणे मोठे. कागद, करार आणि बेत यांनाही किंमत आहे, पण पहिला मान कशाला, एवढेच त्यांनी ठरवले.

या घराण्यातली सर्वांत चालती पद्धत म्हणजे स्क्रम. रग्बी नावाच्या खेळात गडी खांद्याला खांदा लावून एकजूट रेटा देतात, त्याला स्क्रम म्हणतात. आपल्या कबड्डीत हात धरून साखळी करतात, तशीच ती एकी. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ साली एका लेखात नवीन वस्तू बनवणाऱ्या तुकडीला या खेळाची उपमा दिली. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९५ साली त्याच नावाने सॉफ्टवेअरची रीत जगापुढे मांडली. आपले जे बांधव चाकण-पिंपरीच्या मोटार कारखान्यांत आहेत, त्यांना कानबान, कायझेन हे शब्द नवे नाहीत. तेही जपानचेच. टोयोटाच्या कारखान्यात खोट दिसली की साधा कामगारसुद्धा दोरी ओढून खबर देऊ शकतो, आणि खोट निघेपर्यंत लाइन थांबू शकते. संगणकाच्या तुकड्यांनी आपला कामाचा फळा तिथूनच घेतला. त्यावर तीन रकाने असतात : करायचे, चालू आणि झाले.

आता ताईंच्या प्रश्नांकडे येऊ. स्प्रिंट म्हणजे कामाचा एक छोटा हप्ता. तो बहुधा दोन आठवड्यांचा असतो, एका महिन्यापेक्षा मोठा नसतो. हप्त्याच्या सुरुवातीला तुकडी बसून ठरवते की एवढे काम आपण पुरे करू. किती काम पेलेल हे साहेब सांगत नाही, काम करणारेच सांगतात. कोणते काम आधी, कोणते नंतर, हा क्रम लावणारा एक जण असतो. आणखी एक जण वाटेतले अडथळे दूर करायला असतो. त्याला स्क्रम मास्टर म्हणतात, पण तो मुकादम नव्हे. हप्ता संपला की चालणारी वस्तू गिऱ्हाइकाला दाखवायची, धावदोऱ्याचा ब्लाऊज दाखवतात तशी. मग तुकडीने आपसात बसून काय चुकले, काय सुधारायचे, याचा हिशोब करायचा.

रोजची बैठक पंधरा मिनिटांची असते. उभ्याने अशासाठी, की बसले की गप्पा लांबतात. तिथे शिक्षा कोणालाच नसते, सगळेच उभे असतात. पुष्कळ ठिकाणी प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या असतात : काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले.

ताई, 'कुठे अडले' हे सांगण्यासाठीच ती बैठक आहे. आणि तुमची लेक नेमके तेच सांगत नाही!

खरे सांगितले नाही की काय होते, याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. तिथल्या एफबीआय या तपास संस्थेने २००१ नंतर आपल्या गुन्ह्यांच्या फायली संगणकावर आणायचे मोठे काम काढले. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ साली ते टाकून द्यावे लागले. २००६ साली 'सेंटिनल' नावाने नव्याने ठेका दिला. तोही रेंगाळला. अखेर २०१० साली संस्थेने काम आपल्या हाती घेतले, छोटी तुकडी बसवली आणि दोन-दोन आठवड्यांचे हप्ते पाडले. दर हप्त्याला जे झाले ते उघड दिसू लागले, आणि जे झाले नाही तेही. जुलै २०१२ मध्ये ती प्रणाली सुरू झाली. नव्या पद्धतीतही उशीर झाला, अडचणी आल्या. फरक इतकाच की चूक दोन वर्षांनी कळण्याऐवजी दोन आठवड्यांनी कळत होती.

आपल्याला ही रीत परकी वाटू नये. वर्षावास संपतो त्या दिवशी भिक्खुसंघ प्रवारणा करतो. थोरल्या भिक्खूपासून सुरुवात करून प्रत्येक जण संघाला विनंती करतो की माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर मला सांगा. स्वतः तथागतांनीही भिक्खूंना तसे विचारल्याचे त्रिपिटकात आहे. जिथे थोरला आधी विचारतो, तिथे धाकट्याची भीती जाते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की ठराव, मतदान, गणसंख्या हे सभेचे नियम भिक्खुसंघाला माहीत होते. समान म्हणून एकत्र बसून काम तपासण्याची रीत आपल्या धम्मातच आहे. म्हणून ॲजाइल बुद्धांनी काढले असे मात्र कोणी म्हणू नये. तसे म्हटले तर आपलेच हसे होईल.

पण वर्तुळात उभे केले म्हणून सगळे समान होत नाहीत. घरातली पहिली शिकलेली मुलगी, इंग्रजी अडखळते, आडनाव ऐकून कोणीतरी गाव विचारतो, प्रवेश कसा मिळाला ते विचारतो. अशा मुलीला वाटते, 'अडले' म्हटले तर म्हणतील, यांना येतच नाही. म्हणून ती रात्री जागते आणि सकाळी 'ठीक' म्हणते. दोष तिचा नाही. ज्या तुकडीत खरे बोलणारा टोमणे खातो, तिथे फळा आहे, हप्ते आहेत, पण ॲजाइल नाही. तिथे ती बैठक म्हणजे मुकादमाची हजेरीच.

दुसरी गोष्ट. स्प्रिंट या शब्दाचा अर्थ वेगाची धाव असला तरी जाहीरनाम्यासोबतच्या बारा तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की कामाचा वेग कायम झेपेल असाच असावा. रोजचे जागरण त्यात बसत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगाराच्या शरीराला मर्यादा आहे, हे त्या आकड्यामागचे तत्त्व. ते वातानुकूलित ऑफिसातही लागू आहे.

तेव्हा ताई, लेकीला इतके सांगा. अडलेले काम दोन-तीन तासांत सुटले नाही तर सोबत्याला विचार. उद्याच्या बैठकीत एकच वाक्य तयार ठेव : 'मी इथपर्यंत केले, इथे अडले, अमक्याची अर्धा तास मदत हवी.' इंग्रजी मोडके असले तरी चालेल, मुद्दा नेमका असावा. पेलणार नाही इतके काम 'हो' म्हणून घेऊ नकोस. कोणी जातीवरून वा भाषेवरून टोचले तर तारीख-वेळ वहीत लिही, ईमेल जपून ठेव आणि एकटी राहू नकोस. ऑफिसात आपल्या विचाराची माणसे शोध.

आणि एक काम तुमचे. घरात रात्रीच्या जेवणाला बसलात की आधी तुम्ही सांगा, आज माझे काय अडले. तिच्या वडिलांनीही सांगावे. ज्या माणसाने तीस वर्षे शहर स्वच्छ ठेवले, त्याला अडचणी काय कमी आल्या असतील? पण त्या त्याने घरी कधी सांगितल्या नसतील. लेकीने बापाच्या तोंडून 'माझेही अडत होते' हे एकदा ऐकले, की सकाळी दहाच्या बैठकीत तिचा आवाज कापणार नाही.

पूर्वी आपल्याला वर्गाबाहेर बसवत. आज आपली लेक वर्तुळात उभी आहे. तिने तिथे खरे बोलावे, एवढे बळ तिला घरातून द्या.

जयभीम!