मळी मोजता, मग तिचा मागही ठेवा

मा. साखर आयुक्त,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे



हंगाम सुरू झाला की कोणत्या कारखान्याने किती ऊस गाळला, साखर किती झाली, उतारा किती पडला, याचे तक्ते आपल्या कार्यालयातून नेमाने बाहेर पडतात. उतारा दशांशाने घसरला तरी गावागावांत चर्चा होते. पण शंभर टन उसातून साखर निघते जेमतेम दहा-अकरा टन. त्याच उसातून सुमारे तीस टन ओला बगॅस (उसाची चिपाडे), साडेतीन-चार टन प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि चार टनांच्या आसपास मळी निघते. पैशापुरती या तिन्हींची दखल घेतली जाते. साखर उद्योगावरील रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर व उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा उसाला द्यावा असे सुचवले. दर ठरवताना मोजला जाणारा हा माल पुढे कोणत्या जमिनीत, पाण्यात आणि हवेत उतरतो, तेही तितक्याच काटेकोरपणे मोजावे, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

उपपदार्थ वापरूच नयेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. बगॅस जाळून कारखाना स्वतःची वाफ आणि वीज करतो, उरलेली वीज विकतो, आणि तेवढा कोळसा वाचतो. धुराड्यावरची यंत्रणा नीट चालत नसेल तर आसपासच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, हा भाग वेगळा. खरी गोम मळीत आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश मागे राहतो. गडद तपकिरी, आम्लधर्मी, पालाशाने भरलेला. घरगुती सांडपाण्याचा बीओडी (त्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो, याचा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. जमिनीत मुरला तर विहिरीचे पाणी रंगते, आणि तो रंग सहजी जात नाही.

प्रेसमडच्या ढिगावर स्पेंटवॉश फवारून त्याचे खत करतात. पण हे गणित रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यावर मांडून पाहावे. मळी दोनशे टन, तिचे अल्कोहोल साधारण ४५ हजार लिटर, म्हणजे लिटरला दहा या मधल्या हिशेबाने स्पेंटवॉश साडेचार लाख लिटर. प्रेसमड पावणेदोनशे टन. टनाला अडीच टन स्पेंटवॉश जिरतो असे धरले तरी मेळ कसाबसाच बसतो. हे झाले स्वतःच्या मळीपुरते. डिस्टिलरीने बाहेरून मळी आणली की मळी वाढते, प्रेसमड तेवढाच राहतो. उरलेला स्पेंटवॉश जातो कुठे, याचे उत्तर कागदावर हवे. शिवाय खताची आवारे उघडी असतात आणि जूनमध्ये आपल्याकडे पाऊस येतो.

आता बहुतेक ठिकाणी स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात, मग प्रश्न उरला कुठे, असे विचारले जाईल. आटवायला वाफ लागते, जाळताना जोडीला बगॅस किंवा कोळसा घालावा लागतो. कोळसा घातला तर बगॅसने वाचवलेल्यातले थोडे परत खर्ची पडले. राखेत पालाश असतो. देशाची पालाशाची गरज जवळजवळ पूर्णपणे आयातीवर भागते, म्हणून ही राख खत म्हणून विकणे स्तुत्यच. न विकता ढिगात राहिली तर मात्र पावसात त्यातले क्षार विरघळून वाहतात. एकच राख, कुठे गेली यावर खत ठरते की खार.

प्रदूषण हे नियंत्रण मंडळाचे काम, साखर आयुक्तालयाचे नव्हे, हा आक्षेप नियमाला धरून आहे. धुराडे आणि नाला तपासणे मंडळानेच करावे. पण टनांचा हिशेब आपल्याकडे येतो, आणि गाळप परवाना आपण देता. कर्जात रुतलेल्या कारखान्यांवर आणखी एक बोजा, असेही म्हटले जाईल. पण मळी, बगॅस विकताना वजनकाटा होतोच. नवी यंत्रे लागत नाहीत.

तेव्हा येत्या हंगामात परवान्याबरोबर दरमहा एक तक्ता मागवावा: मळी स्वतःची किती, बाहेरची किती, स्पेंटवॉश किती झाला, त्यातला किती खतात आणि किती बॉयलरमध्ये, जोडइंधन कोणते, राख कोणाला दिली. तो गाळपाच्या तक्त्याशेजारीच प्रसिद्ध व्हावा. कारखान्याच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांना तो वाचता येतो.

कळावे,
आपला,
एक नागरिक