बाकावरचे एक वर्ष

'बदली' हा शब्द मराठी मध्यमवर्गीय घरात कोणी हसतमुखाने उच्चारल्याचे ऐकिवात नाही. बदली म्हणजे बांधाबांध, मुलांच्या शाळेचे दाखले, नव्या गावातला दूधवाला आणि जुन्या गावातली उधारी. पण बदलून आलेल्या कारकुनाला, "आता एक वर्ष नुसते खुर्चीवर बसा, कागदाला हात लावू नका," असा हुकूम मिळाल्याचेही आपण कधी ऐकले नाही. (आपण होऊन तसे बसणारे पुण्यवान असतात, त्यांचे सोडा.) अमेरिकेतल्या कॉलेजांत मात्र खेळाडू विद्यार्थ्यांना हा हुकूम वर्षानुवर्षे मिळत होता. तो कसा आला, कोणी मोडला आणि मोडल्यावर काय झाले, ही हकीकत फराळाच्या ताटाशी बसून वाचण्याजोगी आहे. कारण प्रश्न खेळाचा दिसतो, पण आहे तो कॉलेजचा पोरावर हक्क किती, हा.

वाचकहो, तिकडचा कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्या गॅदरिंगच्या आठवड्यातले सामने नव्हेत. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी लाखावर माणसे बसतात, आणि ती तिकीट काढून कॉलेजच्या पोरांचा फुटबॉल पाहतात. हा फुटबॉल म्हणजे लांबोडका चेंडू हातात धरून पळण्याचा. पायाचा त्यात संबंध बेताचाच. कित्येक राज्यांत सरकारी पगारदारांमध्ये सर्वांत मोठा पगार गव्हर्नरचा नसतो, कुलगुरूचाही नसतो. सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाचा असतो. हे वाचून आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना काय वाटते, ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

या कारभाराची सूत्रे नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एन.सी.ए.ए., या 1906 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या हाती. तिचा जुना हिशेब असा: खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम. त्याने एक कॉलेज सोडून दुसरे धरले, तर तेथले पहिले वर्ष नुसत्या 'निवासा'चे. वर्गात बसावे, सराव करावा, घाम गाळावा; सामन्याच्या दिवशी मात्र बाकावर. फुटबॉल, मुलांचे व मुलींचे बास्केटबॉल, बेसबॉल आणि मुलांची आइस हॉकी या पाच खेळांत हा नियम कडक होता. पोहणाऱ्याला किंवा टेनिस खेळणाऱ्याला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येई. या भेदाला कारण अभ्यासाचे देत. पण कॉलेजांना खरा मोठा पैसा मिळवून देणारे दोन्ही खेळ, फुटबॉल आणि मुलांचे बास्केटबॉल, त्या पाचांतच होते, हेही ध्यानात ठेवावे.

नियम मुळात वेडगळ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत भटक्या खेळाडूंचा सुळसुळाट झाला होता. आज या कॉलेजचा सदरा, उद्या त्या. 1896 सालची गोष्ट. फील्डिंग योस्ट नावाचा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा कायद्याचा विद्यार्थी ऐन हंगामात लाफायेट कॉलेजात दाखल झाला. लाफायेटचा सामना होता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी, आणि हा संघ 1894 आणि 1895 ही दोन्ही वर्षे एकही सामना हरला नव्हता. लाफायेटने त्याला 6–4 असे हरवले. सामना आटोपला आणि योस्ट महाशयांची ज्ञानतृष्णाही आटोपली. ते वेस्ट व्हर्जिनियात परतले. पुढे हेच गृहस्थ मिशिगनचे नामांकित प्रशिक्षक झाले. असले योस्ट आवरायचे, तर 'आधी येथे राहा, शीक, मग खेळ' असे म्हणणे शहाणपणाचेच होते.

पण नियमाचे आयुष्य त्याच्या कारणापेक्षा मोठे असते. विसाव्या शतकाच्या मध्याला कॉलेजचा खेळ हा मोठा धंदा झाला आणि त्याबरोबर एक नवा शब्द आला: 'स्टुडंट-अॅथलीट'. एन.सी.ए.ए.चे 1951 ते 1988 पर्यंतचे सूत्रधार वॉल्टर बायर्स यांनी तो रूढ केला. 1955 साली कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. 1957 साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली: तो कॉलेजचा नोकर नव्हे. अशा दाव्यांपुढे हा नवा शब्द ढालीसारखा कामी येई.

व्याकरण शिकवणाऱ्याला या शब्दाचा विग्रह केल्यावाचून राहवत नाही. 'विद्यार्थी-खेळाडू'. विद्यार्थी आणि खेळाडू असा हा द्वंद्व? मग दोन्ही पदे तोलामोलाची हवीत, आणि आठवड्याचे किती तास वर्गात व किती मैदानावर, हे पाहिले की तो तोल टिकत नाही. विद्यार्थी हाच खेळाडू असा कर्मधारय? मग त्याला इतर विद्यार्थ्यांचे नियम लागू हवेत. मला तर हा मध्यमपदलोपी वाटतो: विद्यार्थी म्हणून बिनपगारी खेळाडू. मधले पदच तेवढे वगळलेले.

इतर विद्यार्थ्यांचे नियम म्हणजे काय ते पाहा. रसायनशास्त्राचा विद्यार्थी कॉलेज बदलतो. त्याला कोणी वर्षभर प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभे करीत नाही. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा मुलगा नव्या कॉलेजात पहिल्या सामन्यालाच वाजवायला उभा राहतो. बाकावर बसतो तो ज्याच्यासाठी मैदान भरले तोच. आणि त्याला ज्याने तेथे आणले तो प्रशिक्षक? तो अधिक पगारावर दुसरीकडे जातो आणि पुढच्याच हंगामात नव्या संघापुढे शिट्टी फुंकतो. 2018 पर्यंत तर कोणत्या कॉलेजने या मुलाशी बोलावे आणि कोणत्या नाही, हे ठरवण्यातही जुन्या कॉलेजचा हात असे. 'जा, पण आमच्या वैऱ्याकडे जाऊ नकोस,' हा त्याचा मथितार्थ.

ऑक्टोबर 2018 मध्ये ही परवानगी गेली आणि 'ट्रान्स्फर पोर्टल' आले. विद्यार्थ्याने लेखी कळवायचे आणि कॉलेजने दोन कामकाजी दिवसांत त्याचे नाव यादीत घालायचे. मग ज्याला हवे त्याने बोलावे. एप्रिल 2021 मध्ये त्या पाचही खेळांत एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. फळ तत्काळ दिसले. त्या वर्षाच्या अखेरीस लिंकन रायली हे प्रशिक्षक ओक्लाहोमा विद्यापीठ सोडून सदर्न कॅलिफोर्नियात गेले. त्यांच्यामागून केलेब विल्यम्स हा तरुण खेळाडू गेला आणि 2022 साली कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइझमन पारितोषिक, त्याने मिळवला. जुन्या नियमात ते वर्ष त्याने बाकावर काढले असते.

मात्र मुभा एकदाच होती. दुसऱ्यांदा कॉलेज बदलले, की पुन्हा बाक. नाहीतर माफीचा अर्ज. अर्ज म्हटला की आपल्याला वेगळे सांगायला नको. आजार, घरची अडचण, मनाची अवस्था, सगळ्याचे दाखले जोडायचे आणि दूरच्या कचेरीतल्या समितीने ते तराजूत घालायचे. टेझ वॉकर हा फुटबॉलपटू 2023 साली आजारी आजीजवळ राहता यावे म्हणून नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आला. ही त्याची दुसरी बदली. पहिल्या कॉलेजात तर महामारीमुळे हंगामच झाला नव्हता, म्हणजे तेथे तो एक सामनाही खेळला नव्हता. तरी सप्टेंबरमध्ये त्याला नकार आला. बोभाटा झाला, आणि ऑक्टोबरमध्ये नवी माहिती मिळाल्याचे सांगून तोच नकार होकार झाला. मधले चार सामने गेले ते गेलेच.

त्याच वर्षी रेक्वान बॅटलचे प्रकरण गाजले. हा वॉशिंग्टन राज्यातल्या तुलालिप या आदिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात वाढलेला बास्केटबॉलपटू. वॉशिंग्टन विद्यापीठातून तो मोंटाना स्टेटला गेला. तेथले त्याचे प्रशिक्षक 2023 साली दुसरीकडे गेले, म्हणून त्याने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ निवडले. तो तेथे रमतो न रमतो तोच तेथल्या प्रशिक्षकांनीही राजीनामा दिला. दोन प्रशिक्षक सुटून गेले. अडकला तो खेळाडू. त्याचा अर्ज नामंजूर झाला.

डिसेंबर 2023 मध्ये ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आदी सात राज्यांनी एन.सी.ए.ए.वर दावा लावला. आधार 1890 सालच्या शर्मन कायद्याचा, म्हणजे व्यापारातली मक्तेदारी मोडणाऱ्या कायद्याचा. कॉलेजांनी एकजूट करून माणसाला त्याचे कसब हव्या त्या ठिकाणी नेण्यास अडवू नये, असे म्हणणे. 13 डिसेंबरला वेस्ट व्हर्जिनियातले संघीय न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी नियमाला तात्पुरती मनाई केली. एक मेखही त्यांनी काढून टाकली: मनाईच्या काळात खेळलेल्याला, पुढे निकाल उलटल्यास, संस्थेने शिक्षा करायची नाही. तीन दिवसांनी बॅटल मैदानात उतरला. 29 गुण केले. संघ हरला, पण त्या दिवशी हरल्याचे दुःख करायला तरी तो मैदानात होता!

पुढे केंद्र सरकारचे न्यायखातेही दाव्यात सामील झाले. एप्रिल 2024 मध्ये एन.सी.ए.ए.ने आपण होऊन नियम बदलला: कितीही वेळा बदला आणि लगेच खेळा, मात्र अभ्यास चोख हवा. मे महिन्यात तडजोड झाली. तिच्यात 2019-20 पासून या नियमाने ज्यांचा हंगाम बुडाला, त्यांना एक जादा वर्ष देण्याचे ठरले. पण विसाव्या वर्षी बुडालेला हंगाम तेविसाव्या वर्षी हाती आला, तर तो तोच हंगाम असतो का, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. काहींचे तर कॉलेजही तोवर सुटले होते.

आता दुसरी बाजू. तीही खोटी नाही. लहान कॉलेजने कच्चे पोर हेरावे, दोन वर्षे घडवावे आणि ते चमकू लागताच मोठ्या कॉलेजने उचलावे. राबला एक आणि आयत्या बिळावर नागोबा दुसरा. त्यात पैशाची भर. जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर जाहिरातींतून पैसा मिळवता येऊ लागला. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने कॉलेजांना थेट पैसे देण्याची वाटही खुली झाली. 2025-26 साठी एका कॉलेजची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. साहजिकच दरवर्षीचा पोर्टलचा मोसम बाजारासारखा भरू लागला.

बाजारात सगळाच माल खपत नाही. यादीत नाव घातले म्हणजे कोणी बोलावतेच असे नाही. नाव घातल्यावर जुन्या कॉलेजला चालू सत्र संपताच शिष्यवृत्ती बंद करता येते. म्हणजे तेलही गेले, तूपही गेले. शिवाय एका कॉलेजचे श्रेयांक दुसरे कॉलेज पूर्ण धरीलच असे नाही. चार वर्षांत तीन कॉलेजे फिरलेल्या मुलाच्या हाती करंडक असेल; पदवी असेलच याची खात्री कोण देणार? धंदेवाईक खेळात पोहोचणारे मूठभर. बाकीच्यांना उरलेले आयुष्य त्या कागदावरच काढायचे आहे.

म्हणून पुन्हा बाक आणावा काय? तशी मागणी तिकडे झाली आहे. मला ती पटत नाही. आपल्या क्रिकेटमध्ये राज्य बदलणाऱ्याला जुन्या संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. 2025 साली पृथ्वी शॉने ते मुंबईकडून घेतले, त्याच मोसमात तो महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळला आणि चंडीगडविरुद्ध त्याने द्विशतकही ठोकले. मुंबईचे क्रिकेट त्यामुळे बुडाले नाही. ज्याला मानधन मिळते त्याला आपण लगेच खेळू देतो. मग ज्याला वर्षानुवर्षे काहीच देत नव्हते, त्यालाच जखडून ठेवण्यात न्याय कोणता? कॉलेज गरीब असेल, तर त्याने श्रीमंत कॉलेजांशी भांडावे. त्याची वसुली एकोणीस वर्षांच्या पोराकडून करू नये.

मात्र नव्या नियमातली अभ्यासाची अट एक मास्तर म्हणून मी दोन्ही हातांनी धरून ठेवीन. जुने कॉलेज सोडताना गुण धड हवेत, नव्या ठिकाणी पदवीच्या मार्गावर ठरावीक मजल हवी. हा हिशेब आधीपासूनचा आहे: दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा 40 टक्के अभ्यास, तिसऱ्याअखेर 60, चौथ्याअखेर 80. आणि एकाच हंगामात दोन कॉलेजांकडून खेळायचे नाही, हेही कायम ठेवले गेले. म्हणजे योस्ट महाशयांचा बंदोबस्त बाकावाचूनही होतो. कॉलेजला विद्यार्थ्यावर एकच हक्क सांगता येतो, तो शीक म्हणण्याचा. तेवढा त्याने नेटाने सांगावा. शिष्यवृत्ती देताना सांगावा, सरावाचे तास ठरवताना सांगावा, आणि पोर निघाले तर त्याचे श्रेयांक नीट बांधून त्याच्या हाती द्यावेत.

आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे आज तिकडे शिकतात. त्यांतले एखादे उद्या फोनवर, "आजोबा, मी कॉलेज बदलतोय," म्हणाले, तर दचकू नये. नवा संघ कोणता, हे तो आपण होऊन सांगेलच. आपण एवढेच विचारावे: पदवीला किती बाकी राहिले?