सदरा कुठून फाटला?

‘रहस्यकथा वाचून पोरं बिघडतात,’ हे वाक्य पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या घरांतून आजही ऐकू येते. खून, विकृती, मुलांवरचे अत्याचार अशा विषयांवरची कादंबरी पोराच्या हाती दिसली की ती हिसकावली जाते. त्याच घरात रात्री टीव्हीवर गुन्ह्यांच्या बातम्या मात्र चवीने पाहिल्या जातात. हे ढोंग आहे.

अशा कथा आपल्याला परक्या नाहीत. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ पासून अलाहाबादेहून निघू लागली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्याही मागे जा. सूरह यूसुफमध्ये काय आहे? भावांचा मत्सर, विहिरीत टाकलेला भाऊ, सदऱ्याला लावलेले खोटे रक्त, वासना आणि खोटा आळ. निवाडा होतो तो पुराव्यावर: सदरा पुढून फाटला की मागून? तो मागून फाटलेला निघतो, हजरत यूसुफ निर्दोष ठरतात. तरीही तुरुंगात तेच जातात. कुरआनने ज्याला सर्वोत्तम किस्सा म्हटले, त्यात एवढा काळोख आहे.

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात स्फोट झाले. बळी मुसलमान आणि पकडलेले तरुणही मुसलमान. त्यांतल्या बहुतेकांना जामिनासाठीच ५ वर्षे थांबावे लागले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर नाव वाचूनच गुन्हेगार ठरवणाऱ्यांनी सदरा पाहिलाच नव्हता.

पण हा रोग फक्त बाहेरच्यांना नाही. चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत चोरी झाली की पहिला संशय बिहारहून आलेल्या कामगारावर जातो, आणि तो घेणाऱ्यांत आपलेही लोक असतात. घरातल्या मुलाने जवळच्या नातेवाइकाबद्दल तोंड उघडले की इज्जतीच्या नावाखाली त्यालाच गप्प केले जाते. चांगली रहस्य कादंबरी नेमके हेच सांगते: संशय म्हणजे पुरावा नव्हे आणि प्रतिष्ठा म्हणजे निर्दोषत्व नव्हे.

बाईच्या प्रेताचा तमाशा मांडणारी पुस्तके खुशाल फेकून द्या. पण फेकण्याआधी वाचा. न वाचता शिक्षा देणे हाही खोटा आळच आहे.