पेटीतले कागद दोघांचेही



जानेवारी महिना आपल्या घरांत आठवणींचा महिना. १ तारखेला कोरेगाव भीमा, ३ तारखेला सावित्रीमाईंची जयंती आणि १४ तारखेला विद्यापीठाचा नामविस्तार दिन. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या काळात जे तरुण होते, ते आज नांदेड-लातूरकडे सेवानिवृत्त होऊन घरी बसले आहेत. कोणी एस. टी. त राबला, कोणी उस्मानशाही गिरणीत, कोणी साखर कारखान्यात. घरच्या बाईने मजुरी करून लेकरे शिकवली.

या म्हाताऱ्या जोडप्यांची नव्या वर्षाची आशा काय? बहुतेकांची एकच. नातू लातूरला खोली करून 'नीट'ची तयारी करतो आहे, तो डॉक्टर व्हावा. वयाची ६५ वर्षे झाली की एस. टी. त अर्धे तिकीट, आणि २०२३ पासून बायांना कोणत्याही वयात अर्धे. म्हणून दोघे मिळून भाकरी-चटणी बांधून नातवाला भेटून येतात. आशा मोठी आहे, आणि ती असावीच.

पण काळजीही घरातच बसलेली असते. 'पेन्शन ९५' म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ ची योजना. तिच्यात कमीत कमी पेन्शन २०१४ साली १००० रुपये ठरली. पेन्शनर मंडळी ७५०० मागत आली आहेत. एवढ्या पैशात दोघांचे औषधपाणी कसे व्हावे? त्यात फंडाची सगळी रक्कम क्लासच्या फीला देऊन टाकली, तर दवाखान्याची वेळ आल्यावर हात कोणापुढे पसरायचा? नातवाला जरूर द्या, पण दोघांच्या आजारपणापुरते बाजूला ठेवून द्या. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. ते दोघांचेही काढून घ्या.

याहून मोठी काळजी कोणी तोंडाने बोलत नाही. दोघांपैकी आधी कोण जाणार, आणि मागे राहील त्याचे काय? बहुतेक घरांत बाईच मागे राहते. तिला विचारा, पेन्शनचा नंबर काय, खाते कोणत्या बँकेत? उत्तर येते, "मालकांना ठाऊक." मालक गेल्यावर पत्नीला 'पेन्शन ९५' मधून साधारण निम्मी पेन्शन मिळते, पण अर्ज तिलाच करावा लागतो. पेन्शनच्या कागदावर तिचे नाव एक, आधारवर दुसरे, जन्मतारीख तिसरीच, असे असेल तर दुःखाच्या दिवसांत तिला खेटे घालावे लागतात. हे नाव आजच दुरुस्त करून घेणे, ही नवऱ्याने बायकोला दिलेली खरी भेट आहे. सावित्रीमाईंची जयंती करणाऱ्या घरात बाईला स्वतःचे कागद वाचता यायला नकोत काय?

हयातीचा दाखलाही विसरू नका. राज्य सरकारच्या पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यावा लागतो. 'पेन्शन ९५' वाल्यांचा दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. राबून राबून अंगठ्याच्या रेघा झिजल्या आणि यंत्र ठसा घेत नसेल, तर घाबरू नका. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो.

शेवटची गोष्ट घराची. लेकाच्या नावावर घर करून देताना, "आम्हा दोघांना शेवटपर्यंत सांभाळावे" ही अट कागदात लिहून घ्या. ती लिहिलेली असेल आणि लेकाने सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली तो कागद रद्द करून मागता येतो. पोटगीसाठीही प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्या लातूरच्या जिल्हा परिषदेने तर २०२० साली ठरावच केला होता की, जो कर्मचारी आईबापाला सांभाळत नाही त्याच्या पगारातून ३० टक्के कापून आईबापाच्या खात्यावर जमा करावेत. त्याप्रमाणे कपातही झाली. ज्यांचे पगार कापले गेले त्यांत शिक्षकही होते. शिकलेल्या लेकरांवर ही पाळी यावी, याचा आपण सर्वांनी विचार करावा.

पोटच्या लेकराविरुद्ध अर्ज करायला आईबापाचे मन धजत नाही, हे खरे. म्हणून तर अट आधी लिहावी. अट लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. शहाणा लेक त्यावर आनंदाने सही करील.

तेव्हा या महिन्यात एक दिवस दोघांनी मिळून पेटी उघडा. पेन्शनचा कागद, पासबुक, आधार, घराचा उतारा एका पिशवीत ठेवा. मालकांनी वाचावे, बाईने ऐकावे, आणि मग बाईने वाचून दाखवावे. तिला अक्षर येत नसेल तर नातीला शेजारी बसवा.

जयभीम!